खिसा कुठं लावू

तन्मयी मगदूम, इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष.
गॅदरिंगला नऊ दिवस.
कॉमिक उघडूनच दुकानात शिरली,
मशीनच्या फळीवर ठेवलं, बोट टेकवलं:
"मावशी, हे. डिट्टो असंच."

मी चष्मा पुसला.
चित्रातली बाई उडत होती, खाली शहर पेटलेलं.
अंगावर कापड किती, तर माझ्याकडं
ब्लाउजपीस बेतून उरतं तेवढं.
टाचा चार इंचांच्या.
पाठीवर मात्र अख्खी चादर,
गळ्याशी एका टाचणीवर तोललेली.

एकतीस वर्षं लेडीज टेलर आहे मी, माधवनगर रोडला.
मला चित्रावरनंही माप काढता येतं.
खडू घेतला, ब्राऊन पेपर अंथरला
आणि तिथंच अडले.
काखेत कळी नाही.
हिनं ठोसा मारायला हात वर केला
की अंगावरचं सगळंच वर जाणार.
पायऱ्यावरनं पळायचं या टाचांवर?
आमच्या गल्लीत, जिथं गटारीची झाकणंसुद्धा उसनी?
आणि ही चादर. परवाच मिरजेच्या पोरीची ओढणी
गाडीच्या चाकात गेली, मानेला वळ घेऊन आली होती
मापाला.

"हिला हुक कुठायत गं? चेन? घालते कशी?"
"मावशी, सुपरहिरोईन आहे ती."
"असू दे की. लघवीला जाते का नाही?"
पोरगी आधी लाजली,
मग स्टुलावरनं पडेस्तोवर हसली.

"आणि खिसा?"
"खिसा कशाला? ती उडते."
"उडून उतरती कुठं? उतरल्यावर रिक्षाला पैसे?"

यावर ती काही बोलली नाही. मीही कात्री धरून बसले.
का कुणास ठाऊक, सुंदरा ऐवळे आठवली.

उसाच्या फडात जाणाऱ्या बाया येतात माझ्याकडं
नवऱ्याचे जुने शर्ट घेऊन.
लुगड्यावरनं घालायचे असतात.
कॉलर काढा, बाही मनगटापर्यंत ठेवा,
पातं लागतं, ब्लेडवाणी.
खिसा तेवढा काढू नका, म्हणतात.
त्यात मोबाईल, दुधाच्या पिशवीत गुंडाळून.
कधी मिश्रीची डबी.
कधी पोराच्या शाळेची फीची पावती,
घामानं अक्षरं गेलेली.

पुराच्या सालची गोष्ट. पाणी उतरून आठवडा झालेला,
दुकानाच्या भिंतीवर चिखलाची रेघ अजून ओली.
सुंदरा शर्ट घेऊन आली, निळ्या चौकड्याचा.
उजवी बाही खांद्यापासनं अर्धी उसवलेली,
कापड फाटलं नव्हतं, शिलाई सुटली होती.
"कशात अडकला?"
"अडकला न्हाई. धरलं हुतं कुणीतरी."
एवढंच.
मी डबल टीप मारली. दहा रुपये घेतले.
तिनं खिशातनंच काढून दिले, ओलसर नोट.
ती गेल्यावर, भात टाकताना, मला कळलं
ती काय बोलून गेली.
तोवर चूल भडकलेली.

तन्मयीला हे सांगितलं नाही.
म्हटलं, लाल रंग तुझा, चांदणी तुझी,
बाकी माझ्यावर सोड.
काखेत कळी टाकली. विजार सैल, गुडघ्याला दुहेरी कापड.
चादर शिवली, पण दोन टिचबटणांवर,
कुणी मागनं ओढली तर हातात चादरच राहील,
पोरगी पुढं.
आणि खिसे. चार.
एक आतनं, चेनचा.

बक्षीस मिळालं नाही.
परीक्षक म्हणे, चित्रासारखं दिसत नाही.
मला वाटलं आता ही माझ्या नावानं खडे फोडणार.

फेब्रुवारीत आली, विजार कमरेत सैल करायला.
रोज घालते म्हणे, गाडीवर, वर्कशॉपला.
सोबत तो लाल अंगरखाही, नुसताच, धुवायला काढलेला
चुकून पिशवीत आलेला.
सवयीनं खिसे उलटे केले:
भडंगाचे चार दाणे, एक पाना,
कुणाचातरी फोन नंबर बसच्या तिकिटावर.

मग खांद्याची शिलाई
दोन्ही हातांत धरून ओढून पाहिली.
अजून एकदा, जोरात.